तेलाच्या बाटलीवरची आई

माणसं नागपूरला संत्र्यांसाठी जातात, अधिवेशनासाठी जातात, मुलीसाठी स्थळ पाहायला जातात. मी गेले ती एका बाहुलीसाठी. बोटभर उंचीची, मऊ प्लॅस्टिकची, फुकटात वाटलेली बाहुली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कोणी मला गंभीर प्रवासी समजून फसायला नको.

त्याचं असं झालं. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका केसांच्या तेलाच्या कंपनीनं बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधून एकेक बाहुली द्यायला सुरुवात केली. सगळी सिनेमातली माणसं. अमुक एक नट असं नव्हे, पण पडद्यावर आपल्याला हमखास भेटतात ती मंडळी: गळ्यात रुमाल बांधलेला हिरो, वेणी पुढं घेतलेली हिरॉईन, सिगारेट ओढणारा खलनायक, डाकू, हवालदार, ढेरपोट्या विनोदी नट, नर्तकी, अशा एकूण बारा. मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळं बाराचा संच म्हटलं की तो पुरा केल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या घरी त्या काळात तेलाच्या इतक्या बाटल्या आल्या की विचारू नका. आमच्या ह्यांच्या डोक्यावर तेल लावायला केस उरलेले नाहीत, तरी ते बिचारे रोज चोळत. "बाई, वयाच्या पस्तिशीत तुझी भातुकली आणि माझी चंपी," असं म्हणायचे, पण चोळायचे.

अकरा जमल्या. बारावी काही मिळेना. बारावी होती सिनेमातली आई. पांढरी साडी, कानावर एक पांढरी बट, उजवा हात कपाळाला लावलेला. कंपनीनं ती कमी काढली होती असं नाही. पण ती कोणाला नकोच होती. पोरांना डाकू हवा, पोरींना हिरॉईन. बाटलीवर आई निघाली की लोक दुकानदाराकडून बदलून घेत, नाहीतर ती केरात जाई. मी तरी कुठं शहाणी? पहिल्याच महिन्यात मला आई आली होती आणि ती शेजारच्या पोराला देऊन मी त्याच्याकडून डाकू घेतला होता. पुढं कंपनीनं बाहुल्या बंद केल्या आणि मी नऊ वर्षं कपाळाला हात लावून बसले.

शेवटी एका साप्ताहिकाच्या छंदाच्या सदरात मी चार ओळी छापून आणल्या. महिन्याभरानं नागपूरहून एक पोस्टकार्ड आलं. अक्षर औषधाच्या चिठ्ठीवर असतं तसं नव्हतं, चांगलं वळणदार होतं. 'माझ्याकडे आई आहे. आपण खलनायक, हवालदार व डाकू जास्तीचे असल्याचे लिहिले आहे, ते चालतील. पोस्टात हरवेल, म्हणून स्वतः येऊन न्यावी. घरी उतरावे. आपला, रामटेके, कंपाउंडर.' 

दिवाळीची सुट्टी तोंडावर होती. मी तिकीट काढलं. जाऊबाईंनी विचारलं, "उतरणार कोणाकडं?" मी म्हटलं, रामटेक्यांकडं. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा विचारण्याचा अर्थ मला कळत होता, म्हणून उत्तर मी पहिल्याइतक्याच स्वच्छ आवाजात दिलं.

जरीपटक्याच्या अलीकडे

गाडीतल्या धुळीचं आणि शिळ्या पुऱ्यांचं वर्णन कोणालाच नको असतं, ते सोडून देते. स्टेशनावर रामटेकेभाऊ सायकल घेऊन उभे होते. पन्नाशीचे, सडपातळ, शर्टाच्या खिशात थर्मामीटर. ओळख पटावी म्हणून मी पत्रात माझ्या निळ्या छत्रीचं वर्णन केलं होतं. त्यांनी छत्रीला नमस्कार केल्यासारखा केला, माझी पिशवी कॅरियरला लावली आणि मला सायकलरिक्षात बसवून स्वतः शेजारून सायकल हाकत निघाले. वाटेत प्रत्येक चौकात ते रिक्षावाल्याला सांगत, "हळू चाल गा, पाहुणे हायेत." रिक्षावाला इतका हळू चालला की आम्हाला पायी जाणारे मागं टाकून गेले.

घर जरीपटक्याच्या बाजाराच्या अलीकडे, दोन खोल्यांचं, शेणानं सारवलेल्या अंगणाचं. भिंतीवर तथागतांची तसबीर, खाली मेणबत्ती. पंचफुलाबाई, म्हणजे रामटेकेभाऊंच्या पत्नी, दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली पेढ्यांची पुडी घेतली, बाजूला ठेवली आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "यांनी सांगतलं बाहुल्या जमवणारी बाई येऊन राहिली, मले वाटलं लहान पोरगी असंन."

मी म्हटलं, आमच्याकडंही सगळ्यांना तसंच वाटतं. त्या मोकळेपणी हसल्या आणि तिथंच आमचं जमलं.

खाण्याच्या बाबतीत एक कबुली द्यायची आहे. सातारा-कोल्हापूरकडची माणसं तिखटाची फुशारकी मारतात. मीही मारली. पंचफुलाबाईंनी विचारलं, रस्सा जरा बेतानंच करू का? मी म्हटलं, छे, आम्ही मिरचीवर वाढलेली माणसं. पाटवड्यांचा रस्सा ताटात आला. वर लाल तवंग, आत काळा मसाला. दुसऱ्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली असावी, कारण रामटेकेभाऊंनी गुळाचा खडा माझ्यापुढं सरकवला. कंपाउंडर माणूस, लक्षणं ओळखतो. त्यानंतर नागपुरात मी साताऱ्याच्या तिखटाबद्दल एक शब्द काढला नाही.

सकाळी पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओतून देतात, तीही मी निमूटपणे खाल्ली, आणि तिसऱ्या दिवसापासून मागून खाऊ लागले. घरी आल्यापासून साधे पोहे मला अळणी लागतात.

जेवण झाल्यावर मी वाट पाहत होते की आता भाऊ कपाट उघडतील. ते सुपारी कातरत बसले. शेवटी न राहवून मीच विचारलं, आई कुठं आहे?

"दवाखान्यात," ते म्हणाले. "डूटीवर आहे."

धंतोली

धंतोलीत दवाखाने इतके की दोन दवाखान्यांच्या मध्ये एखादं घर चुकून राहिल्यासारखं दिसतं. यवतमाळ, गडचिरोली, कुठकुठून माणसं आलेली. झाडाखाली शिदोऱ्या सोडलेल्या. आमच्याकडं संत्रं हे आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं फळ. इथं संत्र्यांचे ढीग रस्त्यावर आणि आजाऱ्याच्या उशाशी मात्र कागदात गुंडाळलेलं सफरचंद. घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात ते खरं आहे.

रामटेकेभाऊंचे डॉक्टर आत पेशंट तपासत. बाहेर लाकडी खिडकीमागं भाऊंचं राज्य. काचेच्या बरण्या, उकळत्या पाण्यात सिरिंजा, आणि त्या बरण्यांच्या पुढं, टेबलावर, ती.

नऊ वर्षं जिची वाट पाहिली तिला पाहून मला आधी आनंद झाला आणि लगेच धक्का बसला. पांढरी साडी पिवळट पडली होती, ते चाललं असतं. पण तिच्या दोन्ही दंडांना, पाठीला, पोटाला भोकं होती. बारीक बारीक, असंख्य. मी तिला उजेडात धरलं तर चाळणीतून यावा तसा उजेड आला.

भाऊ जरा ओशाळले. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्याकडंही एके काळी बाराच्या बारा होत्या. इंजेक्शन घ्यायला आलेलं पोर रडू नये म्हणून त्यांनी त्या टेबलावर मांडल्या. पोराला सांगायचं, आधी बाहुलीला सुई देऊ, मग तुला. मोडक्या सुईची एक निराळी सिरिंज त्यासाठी ठेवलेली. पोरं गप्प व्हायची आणि जाताना बाहुली खिशात घालून न्यायची. हिरो गेला, डाकू गेला, नर्तकी तर पहिल्या आठवड्यात गेली. आईला कोणी नेलं नाही. तेव्हापासून अकरा वर्षं ती एकटीच सगळ्या पोरांच्या आधी सुई घेत होती.

मी विचारलं, मग तुम्ही मला ती देऊ कशी केलीत?

ते म्हणाले, "तुम्ही पेपरात लिवलं होतं ना ताई, नऊ वर्षांपासून शोधून राहिले म्हणून. मले वाटलं, हिले कोणीतरी शोधून राहिलं. पहिल्यांदाच. देऊन टाकावं."

इतक्यात कामठीहून एक विणकर आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी सात वर्षांची, बेबी नावाची, नाकात काडी. तिला कुत्रं चावलं होतं. कुत्रं चावल्यावरच्या चौदा सुया पोटात, बेंबीभोवती, रोज एक. ज्यानं घेतल्या त्यालाच ठाऊक. तिची त्या दिवशी नववी होती. ती खिडकीपाशी आली, रडली नाही. फक्त माझ्या हातातल्या बाहुलीकडं बोट दाखवलं. मी ती टेबलावर ठेवली. भाऊंनी तिच्या पोटात मोडकी सुई टोचली. बेबीनं ते नीट पाहिलं आणि फ्रॉक वर केला. सुई गेली तेव्हा तिनं डोळे मिटले, ओठ दाबले, आणि झालं.

सगळे खूश. मी सोडून. मला तर परवाच्या गाडीनं बाहुली घेऊन जायचं होतं.

खलनायकाची परीक्षा

त्या संध्याकाळी मला फुटाळ्याचा तलाव दाखवायला नेलं. तलाव सुंदर होता असं सगळे म्हणतात. मी मात्र काठावर बसून हिशेब मांडत होते की आपल्याकडच्या जास्तीच्या तीन बाहुल्यांपैकी आईच्या जागी कोण चालेल. छंदाची माणसं अशीच असतात. जगातली सगळी दृश्यं त्यांना एका कपाटाएवढी दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा बाहुल्यांचा डबा घेऊन दवाखान्यात हजर. भाऊंना म्हटलं, मी बाहुली नेली तर तुमच्या पोरांचं काय, हे बघितल्याशिवाय मला न्यायची नाही. खरं म्हणजे मला ती न्यायचीच होती, फक्त स्वच्छ मनानं न्यायची होती. 

पहिला प्रयोग हवालदाराचा. एक चार वर्षांचा मुलगा खाकी कपडे पाहताच टेबलाखाली शिरला. त्याला बाहेर काढायला त्याचा बाप, मी आणि एक पेशंट असे तिघं लागलो. हवालदार बाद. मग डाकू. त्याला सुई टोचणार तोच एका मुलानं भाऊंचा हात धरला आणि डाकूला सोडा म्हणून भोकाड पसरलं. डाकूही बाद. राहिला खलनायक. 

आणि काय सांगू, खलनायकानं दवाखाना जिंकला. त्याला सुई दिली की पोरं खिदळत. एकानं तर सांगितलं, याला आणखी एक द्या. दुसऱ्यानं भाऊंना सिरिंज मागितली, मीच टोचतो म्हणाला. बाहेरच्या बाकांवरची मोठी माणसंसुद्धा उठून पाहायला आली. तासाभरात सात मुलं झाली आणि एकच रडलं, तेही सुई दुखली म्हणून नव्हे तर आपली पाळी लवकर संपली म्हणून. मी भाऊंकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. भाऊ म्हणाले, हे आपल्याला अकरा वर्षांत सुचलं नाही. त्यांनी आईला कापसात गुंडाळलं, औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवलं, वर गॉज बांधला आणि डबी माझ्या हातात दिली.

नेमकी तेव्हा बेबी आली. दहावी सुई.

तिनं टेबलावर पाहिलं. खलनायक सिगारेट ओढत उभा होता. भाऊंनी त्याला मोठ्या थाटात टोचलं. बाकीची मुलं हसली. बेबी हसली नाही. तिनं फ्रॉक दोन्ही मुठींत घट्ट धरला आणि मागं सरकली.

बापानं समजावलं, "घे ना वं बेबी, त्यानं नाही का घेतली?"

"तो वाईट आहे," ती म्हणाली. "त्याले टोचाच. मी काय केलं?"

बाप हळूच मला म्हणाला, घरी सगळे तिलाच बोलून राहिले ना, कुत्र्याच्या पिल्लाला हात लावलास म्हणून. मी गणिताची बाई. वर्गात बरोबर उत्तर आलं की मला लगेच कळतं, आणि हे बरोबर होतं. वाईट माणसाच्या रांगेत उभं राहून कोण सुई घेईल? 

तरी खरं सांगते, मला त्या पोरीचा राग आला. सात जणांना चालतं ते हिला का चालू नये? डबी माझ्या मुठीत होती. गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. भाऊंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दिलेला शब्द त्यांनी पाळला होता. डबी उघडायची तर मीच उघडायची होती. 

उघडली. गॉजच्या गाठीनं बराच वेळ घेतला. आई टेबलावर आली, तिला सुई मिळाली, आणि बेबीनं मूठ सोडली.

सुई झाल्यावर ती मला म्हणाली, "उद्या आणसान ना हिले?"

मी म्हटलं, आणीन. आणि मग हो म्हटल्याबद्दल स्वतःच्याच कपाळाला हात लावला, अगदी त्या बाहुलीसारखा. अजून चार सुया होत्या, म्हणजे चार दिवस. तिकीट रद्द केलं आणि साताऱ्याला तार केली, तीन दिवस उशीर होतोय. ह्यांची उलट तार आली: 'तेल पुष्कळ आहे. सावकाश ये.'

कामठी

हे चार दिवस माझ्या सगळ्या प्रवासांतले सर्वांत चांगले दिवस निघाले, आणि त्याचं श्रेय मला घेता येत नाही. मी रोज सकाळी बाहुली घेऊन धंतोलीत जायची, बेबीची सुई झाली की डबीत घालून निघायची. जणू मी बाहुलीची नव्हे, बाहुली माझी मालकीण. पंचफुलाबाईंबरोबर सीताबर्डीवर फिरले. तिथं दुकानदार हिंदीत सुरुवात करतो, आपण मराठीत उत्तर देतो, मग तो मराठीत येतो आणि नेमके तेव्हा आपण हिंदीत गेलेले असतो. माझं सातारी हिंदी ऐकून एका कापडवाल्यानं दर आपणहून कमी केला. दया आली असावी.

इथली एक रीत मला फार आवडली. आमच्याकडं पाहुण्याला 'जेवणार का?' असं विचारतात, आणि पाहुणा 'आत्ताच झालं' म्हणून खोटं सांगतो. इथं विचारतच नाहीत. ताट येतं. नाही म्हणायची सोयच नाही, त्यामुळं खोटं बोलायचंही पाप नाही.

बाराव्या सुईच्या दिवशी बेबीचे वडील म्हणाले, आमचे माग पाहायला या. दुपारी एकटीच कामठीच्या बसमध्ये बसले आणि कंडक्टरला ठणकावून 'कामठी' सांगून छावणीपाशी उतरले. विणकरांची वस्ती राहिली मागं. मी फाटकाशी जाऊन पत्ता विचारला तर पहाऱ्यावरच्या जवानानं पिशवी उघडायला सांगितली. आत माझा डबा. त्यानं झाकण काढलं आणि एकेक वस्तू बाहेर घेतली.

"ये क्या है?"

"डाकू," मी म्हटलं.

"और ये?"

"हवालदार."

तो माझ्याकडं पाहत राहिला. मी माझ्या हिंदीत सगळी हकिगत सांगायला घेतली, तेल, बाहुल्या, कुत्रं, सुई. कुठल्या वाक्यावर त्याला माझी खात्री पटली कोण जाणे, पण त्यानं डबा परत दिला आणि स्वतः चार पावलं येऊन मला वस्तीची वाट दाखवली. जाताना म्हणाला, हवालदार की मूँछ छोटी है. मलाही ते नेहमी वाटत आलं आहे.

मागांची वस्ती कानांनी आधी कळते. खटखट खटखट, घराघरातून. बेबीच्या वडिलांनी मला ओरडून काहीतरी समजावलं, मी ओरडून हो म्हटलं. बेबीची आई सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिनं हात न थांबवता मला बसायला सांगितलं. ती बाई दिवसभर तशीच बसते, म्हणून दवाखान्यात बापच मुलीला नेतो. चहा झाल्यावर ती मला म्हणाली, "बेबी घरी येऊन रोज सांगते, आईनं आधी घेतली मंग मी घेतली. मी म्हणतो, कोणती आई वं? मी तं येथं बसून राहिली." आणि हसली. मी पण हसले. पण तिचं हसू तिथंच थांबलं आणि तिनं पुन्हा कांडीला हात घातला.

मी तिला बाहुली दाखवली. तिनं ती उजेडाकडं धरून पाहिली, भोकांवरून अंगठा फिरवला आणि परत दिली.

चौदावी

चौदाव्या सुईच्या दिवशी मी बांधाबांध करूनच दवाखान्यात गेले. संध्याकाळची गाडी होती. पंचफुलाबाईंनी सांबारवड्यांचा डबा भरून दिला होता आणि शिवाय संत्री, एवढी की पिशवीला दोन्ही हात लागत. सांबार म्हणजे इथं कोथिंबीर, हे मला वडी तोंडात गेल्यावर कळलं होतं, आणि तेव्हापासून मी ती पंचफुलाबाईंनी वाढायच्या आत घ्यायची.

बेबी केसांना लाल रिबिनी बांधून आली. शेवटचा दिवस म्हणून आईनं वेण्या घालून दिल्या होत्या. डॉक्टरही दारात येऊन उभे राहिले. बाहुलीची झाली. बेबीची झाली. बापानं दोन्ही हात जोडले. बाकावरच्या बायकांनी बेबीच्या गालावरून हात फिरवला. खलनायक टेबलावर पुढच्या पोराची वाट पाहत उभा होता, त्याची नेमणूक आता कायम झाली होती.

भाऊंनी बेबीच्या पोटावर लावायला चिकटपट्टीचा तुकडा कापला. तिनं तो स्वतःच्या हातात घेतला. पोटाला नाही लावला. टेबलावरची बाहुली उचलली, तिच्या दंडाभोवती ती पट्टी गुंडाळली, बोटानं दाबून नीट बसवली. पट्टी बाहुलीच्या मानानं मोठी होती, निम्मं अंग झाकलं. मग तिनं ती माझ्या हातात दिली.

"हिले आता सुई नका देऊ," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही देणार. 

ती बापाचं बोट धरून गेली. भाऊ कात्री हातात घेऊन तसेच उभे होते. म्हणाले, "अकरा वर्षं झाली ताई. रोज हजार पट्ट्या कापतो म्हटलं तरी चालंन. हिले कोणी नाही लावली. मी पण नाही."

मी डबी घेतली, पण तिला डबीत घातलं नाही. पदराच्या टोकाला बांधून घेतलं. भाऊंनी स्टेशनावर पोहोचवलं, या खेपेलाही रिक्षावाल्याला हळू चाल म्हणाले, आणि गाडी हलल्यावर खिडकीतून माझ्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली दिली. मला खोकला नव्हता. देण्यासारखं त्यांच्या खिशात तेवढंच होतं.

कराड

संच पुरा झाला होता. आनंद झालाच, खोटं कशाला बोलू? गाडीत तीनदा पदराची गाठ चाचपून पाहिली. पण साताऱ्याला उतरायचं सोडून मी पुढं कराडला गेले.

कराडला माझी आई असते. दिवाळीत लेकीनं माहेरी जायचं, ते मी त्या वर्षी टाळलं होतं. कळवलं होतं, या वेळी जमत नाही, नागपूरला महत्त्वाचं काम आहे. काम काय ते लिहिलं नव्हतं. दारात मला पाहून तिनं आधी विचारलं, काही झालं का? मग संत्री मोजल्याशिवायच शेजारी वाटून टाकली, आणि मला जेवायला बसवून पुढ्यात बसली. मी पदराची गाठ सोडली आणि तिला सगळं सांगितलं, बेबीपर्यंत, पट्टीपर्यंत.

आईनं चष्मा लावला. बाहुली उलटीसुलटी करून पाहिली, कपाळाचा हात पाहिला, पट्टी जरा सुटली होती ती अंगठ्यानं पुन्हा दाबली. मग बाहुली माझ्या ताटाशेजारी उभी केली आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडत म्हणाली, "हिच्यासाठी गेलीस होय नागपूरला? मी इथं कराडातच होते की."